दुसऱ्या पसंतीचा मान

माणूस ज्या व्यवसायात आयुष्य घालवतो, त्या व्यवसायाची मोजमापे त्याच्या विचारांतही उतरतात. वकील प्रत्येक बोलण्यात पुरावा शोधतो, शेतकरी आभाळाकडे पाहून वर्षाचा अंदाज बांधतो आणि व्यापारी कोणत्याही व्यवहारात आधी माप पाहतो. सोलापूरच्या चाटी गल्लीत चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेले अण्णा पेढी थोरल्या मुलाच्या हाती सोपवून धाकट्याकडे न्यूयॉर्कला गेले, तेव्हा ही सवयही त्यांच्याबरोबर गेली. अमेरिकेतील निवडणुकांविषयी त्यांचे जे मत झाले, ते या सवयीतूनच झाले. त्यांचे म्हणणे असे, की या देशात मतदार खोटा नाही, मोजणाराही खोटा नाही. ज्या मापाने मोजतात ते माप मात्र अपुरे आहे.

अण्णा तेथे पोहोचले ते २००० सालच्या शरद ऋतूत. धाकट्या मुलाचे साड्यांचे दुकान क्वीन्स भागातील जॅक्सन हाइट्सच्या बाजारात होते आणि घर तेथून फार लांब नव्हते. त्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि निकाल फ्लोरिडा राज्यात अडकला. सुमारे साठ लाख मतांमध्ये जॉर्ज बुश आणि अल गोर यांच्यातील अंतर अखेर ५३७ मतांचे ठरले. पुन्हा मोजणी, न्यायालयाच्या पायऱ्या आणि शेवटी १२ डिसेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, असे पाच आठवडे गेले. दुकानात येणारा प्रत्येक जण त्याच विषयावर बोलत असे. बोलणे बहुधा एका नावावर येऊन थांबे. तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना फ्लोरिडात ९७,४८८ मते पडली होती. हा मनुष्य उभा राहिला नसता तर निकाल वेगळा लागला असता, त्याला मत देणाऱ्यांनीच घात केला, असा एकूण सूर होता.

अण्णांना या सुराचे आश्चर्य वाटले. सत्त्याण्णव हजार माणसे आपल्या मनातील नाव सांगून आली, हा त्यांचा अपराध कसा? मनातील नाव सांगायचे नव्हते, तर मत मागितले कशासाठी? आणि नेडर उभे नसते तर ती माणसे कोणाकडे वळली असती, हे तरी कोण सांगणार? त्यांची दुसरी पसंती लिहून घेणारा रकानाच त्या मतपत्रिकेत नव्हता. खतावणीत जो रकाना आखलेलाच नाही, त्यातील रकमेवरून भांडण करण्यात काय अर्थ, असे ते मुलाला म्हणाले. मुलगा हसला. त्याने सांगितले, की आपल्यालाही तिसरा माणूस बरा वाटत होता. पण मत वाया जाईल म्हणून आपण दोघांपैकी एकालाच दिले. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. गिऱ्हाइकाला जो माल हवा तो न मागता, दुकानदार जो देईल तो मुकाट्याने घेऊन यावा लागतो, ही पेठ काही धड नाही, एवढे त्यांच्या मनाने टिपून ठेवले.

पुढे मुलाच्या बोलण्यातून त्यांना आणखी एक हिशेब कळला. १९९२ साली रॉस पेरो नावाचे टेक्सासचे उद्योगपती स्वतंत्र म्हणून अध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्यांना देशभरातून जवळजवळ १ कोटी ९७ लाख मते मिळाली, म्हणजे शंभरातील सुमारे एकोणीस. परंतु अमेरिकेत अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांतील निर्वाचक, आणि बहुतेक सर्व राज्यांत जो उमेदवार पहिला येईल त्यालाच त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. पेरो कोणत्याही राज्यात पहिले आले नाहीत. एवढ्या मतांच्या बदल्यात त्यांच्या पदरात एकही निर्वाचक पडला नाही. गिरणीतून एकोणीस तागे निघावेत आणि वहीत शून्य लिहिले जावे, तसा हा प्रकार होता.

अमेरिकेत दोनच पक्ष असावेत असे तेथील राज्यघटनेत कोठेही म्हटलेले नाही. घटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ साली निरोपाच्या पत्रात पक्षाभिमानाच्या धोक्याविषयी देशाला स्पष्ट इशारा दिला होता. तरीही दोन पक्षांची घडी बसली आणि आजचे दोन पक्ष दीडशे वर्षांहून अधिक काळ समोरासमोर उभे आहेत. मॉरिस द्युवर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ साली याचे कारण मांडले. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडायचा, प्रत्येकाने एकच खूण करायची आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. असा नियम जेथे असतो, तेथे तिसऱ्याला मत देणे लोकांना हळूहळू परवडेनासे होते आणि दोनच पक्ष उरतात. म्हणजे या दोन पक्षांचे मूळ अमेरिकी माणसाच्या स्वभावापेक्षा मोजणीच्या रीतीत अधिक आहे.

व्यापारी मनाला याहून जवळचा वाटेल असा एक विचार हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली मांडला होता. एका लांबलचक रस्त्यावर दोनच दुकाने असतील, तर प्रत्येक जण अधिक गिऱ्हाईक मिळवण्यासाठी दुसऱ्याच्या जवळ सरकत जातो आणि शेवटी दोन्ही दुकाने रस्त्याच्या मध्यावर एकमेकांना खेटून उभी राहतात. टोकाला राहणाऱ्यांची पायपीट तशीच राहते. हॉटेलिंग यांनी हेच उदाहरण अमेरिकेतील दोन पक्षांनाही लावले होते. त्यांच्या काळी ते पक्ष खरोखरच एकमेकांसारखे दिसत. आज चित्र उलटे आहे. दुकाने दोनच आहेत, पण ती रस्त्याच्या दोन टोकांना गेली आहेत.

त्यालाही कारण आहे. बहुतेक मतदारसंघ आता कोणत्या तरी एका पक्षाकडे आधीच झुकलेले असतात. काही ठिकाणी लोकवस्तीच तशी आहे. काही ठिकाणी सत्ताधाऱ्यांनी सीमारेषाच सोयीच्या आखल्या आहेत, आणि ही युक्ती जुनी आहे. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात आखलेला एक मतदारसंघ सरड्यासारखा वाकडातिकडा दिसला, तेव्हा वर्तमानपत्राने गेरींच्या नावावरूनच त्याचे नामकरण केले आणि तो शब्द इंग्रजीत कायमचा राहिला. अशा मतदारसंघात खरी लढत नोव्हेंबरात होतच नाही. ती त्या एका पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत होते. तेथे मतदान थोडे आणि येणारे बहुधा कडवे. निवडून यायचे तर त्यांनाच राजी राखावे लागते. गिऱ्हाईक एकदा बांधले गेले, की दुकानदाराला मालाच्या प्रतीची काळजी उरत नाही. समोरच्या दुकानाची भीती दाखवली की पुरते.

हे दुखणे व्यापाराच्या भाषेत नीट मांडले ते एका व्यापारी घराण्यातील स्त्रीनेच. कॅथरिन गेल या विस्कॉन्सिन राज्यातील आपल्या कुटुंबाचा खाद्यपदार्थांचा कारखाना चालवत असत. व्यापारातील स्पर्धेविषयी जगभर वाचल्या जाणाऱ्या मायकेल पोर्टर या हार्वर्डच्या प्राध्यापकांबरोबर त्यांनी २०१७ साली एक अहवाल लिहिला. त्याचा आशय असा, की राजकारण हाही एक धंदाच आहे आणि त्यात दोन पेढ्यांची मक्तेदारी आहे. त्या आपसात कितीही भांडोत, नवीन पेढीला पेठेत शिरू न देण्याविषयी त्यांचे एकमत असते. अध्यक्षपदाच्या जाहीर वादसभांचे उदाहरण बोलके आहे. १९८७ साली दोन्ही पक्षांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या आयोगाने २००० सालापासून जनमत चाचण्यांत पंधरा टक्के पाठिंबा दिसल्याखेरीज कोणालाही व्यासपीठावर येऊ न देण्याचा दंडक घातला. ज्याला बोलू दिले जात नाही त्याला पाठिंबा कसा मिळणार, हा प्रश्न तसाच राहिला.

गेल यांनी सुचवलेला उपाय दोन भागांचा होता. प्राथमिक निवडणूक सर्वांसाठी एकच आणि खुली असावी व तिच्यातून पहिले पाच उमेदवार पुढे जावेत. नंतर नोव्हेंबरात मतदाराने त्या पाचांना पसंतीक्रम द्यावा. पसंतीक्रमाची कल्पना त्यांच्याही आधीची. मेन राज्यात २०१० साली गव्हर्नर निवडून आला तो अडतीस टक्क्यांच्या आतबाहेर मते मिळवून. उरलेले बासष्ट टक्के इतरांत विभागले गेले होते. ती चुटपुट लोकांच्या मनात राहिली आणि २०१६ साली त्यांनी सार्वमताने पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली. अलास्काने २०२० साली चार उमेदवारांची खुली प्राथमिक निवडणूक आणि पसंतीक्रम असा जोड नियम केला.

अण्णांच्या घरात हा विषय केवळ वाचनाचा राहिला नव्हता. २०२० सालच्या निवडणुकीने त्या घरात अबोला आणला होता. नात तेव्हा सतरा वर्षांची, क्वीन्समध्येच जन्मलेली. बापाचे म्हणणे, जो येऊ नये त्याला अडवणे हेच मतदान. मुलीचे म्हणणे, ज्यात कोणाला तरी अडवण्याखेरीज काही करता येत नाही ते मतदान आपल्याला करायचेच नाही; अठरा पूर्ण झाली तरी आपण नाव नोंदवणार नाही. जेवणाच्या ताटावर शब्द वाढत गेले. मग ते थांबले आणि त्यांच्या जागी मौन आले. सून दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढू लागली. पेढीवर दोन भावांचा वाद झाला तर अण्णा मध्यस्थी करीत असत, पण येथे मध्यस्थीला जागाच दिसत नव्हती, कारण दोघांचेही म्हणणे त्यांना खरे वाटत होते.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२१ च्या जून महिन्यात, न्यूयॉर्क शहरात महापौरपदाची प्राथमिक निवडणूक आली. शहराने २०१९ साली सार्वमत घेऊन पसंतीक्रम स्वीकारला होता आणि संपूर्ण शहरात तो प्रथमच लागू होत होता. मतदाराला पाच नावांपर्यंत क्रम देता येणार होता. घरी नमुना मतपत्रिका आली. बाप ती पाहून गोंधळला. दुकानात बसणाऱ्या मंडळींनी तर हे काहीतरी नवे अमेरिकी खूळ आहे असे ठरवूनही टाकले होते.

अण्णांनी चष्मा लावून ती पत्रिका पाहिली आणि त्यांना हसू आले. सोलापुरातून बी. कॉम. झालेले अण्णा विधान परिषदेच्या पुणे विभाग पदवीधर मतदारसंघात वर्षानुवर्षे मत देत आले होते. उमेदवाराच्या नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. फुली मारली तर मत बाद. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर सर्वांत मागे असलेल्याला वगळायचे आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील दुसऱ्या पसंतीनुसार वाटायच्या. असे करीत जायचे. मोजणी कधी कधी रात्र ओलांडून दुसऱ्या दिवसापर्यंत चाले. भारताच्या राष्ट्रपतींची निवडही याच रीतीने होते. १९६९ साली पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत नव्हते. पुढील पसंतीची मते मोजल्यावर व्ही. व्ही. गिरी विजयी झाले. जे न्यूयॉर्कला नवे वाटत होते, ते सोलापूरच्या पदवीधर कापडव्यापाऱ्याला चांगले परिचयाचे होते.

त्यांनी नातीला बोलावून हे समजावून सांगितले. तुझ्या मनातील नाव पहिले लिही. ते मागे पडले तर तुझे मत वाया न जाता तुझ्याच सांगण्याप्रमाणे पुढे जाईल. ज्याला मुळीच नको म्हणतेस, त्याला आकडाच देऊ नकोस. नातीने दोन प्रश्न विचारले, दोन दिवस विचार केला आणि नोंदणीची मुदत संपण्यापूर्वी नाव नोंदवले. न्यूयॉर्कमध्ये पक्षाची नोंदणी असल्याखेरीज त्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येत नाही, ही अट तिला रुचली नव्हती; तरी तिने ती पत्करली. एका पक्षाचे वर्चस्व असलेल्या शहरात निर्णय बहुधा येथेच होतो, हे तिला कळत होते.

त्या प्रचारात आणखी एक गोष्ट दिसली. मतदानाच्या काही दिवस आधी अँड्र्यू यांग आणि कॅथरिन गार्सिया हे दोन प्रतिस्पर्धी एकत्र फिरले आणि दुसरी पसंती गार्सियांना द्या, असे यांग आपल्या मतदारांना सांगू लागले. दुसरी पसंती हवी असेल, तर शेजारच्या दुकानाच्या गिऱ्हाइकाशीही नीट बोलावे लागते. एकाच खुणेच्या मतदानात अशा बोलण्याला किंमत नसते.

मतदान झाल्यावर, कित्येक महिन्यांनी, बाप-लेक एकाच वेळी जेवायला बसले. दोघांनी आपापली यादी सांगितली. पहिले नाव वेगळे निघाले, दुसरेही वेगळे. तिसरे मात्र एकच होते. दोघेही क्षणभर थांबले. एकमेकांना आपण जितके परके समजत होतो तितके आहोत का, असा प्रश्न त्या थांबण्यात होता. मतभेद मिटला नव्हता. पण तोवरच्या मतपत्रिकेने त्या घराला फक्त मतभेदाची जागा विचारली होती. दोघे कोठे भेटतात हे प्रथमच विचारले गेले होते.

कोणतेही माप निर्दोष नसते, हे अण्णांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्या निवडणुकीची पहिली आकडेवारी जाहीर झाली तेव्हा चाचणीसाठी तयार केलेली सुमारे १ लाख ३५ हजार मते चुकून तीत मिसळली होती. ती मागे घ्यावी लागली आणि लोकांचा विश्वास डळमळला. अखेर एरिक अॅडम्स यांनी गार्सियांवर ७,१९७ मतांनी विजय मिळवला. सुमारे १ लाख ४० हजार मतपत्रिका शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचल्याच नाहीत, कारण त्यांवर उरलेल्या दोघांपैकी कोणाचेच नाव नव्हते. नातीला हा आकडा खुपला. शिवाय केनेथ ॲरो यांनी १९५१ सालीच गणिताने दाखवून दिले आहे, की तीन किंवा अधिक पर्याय असताना सर्वांच्या पसंतीक्रमांतून सगळ्या रास्त अटी पाळणारा एकच निर्णय काढणारी पद्धत असू शकत नाही. वारावर कापड मोजता येते, तेल मोजता येत नाही. प्रत्येक मापाला त्याची मर्यादा आहे. त्यावर अण्णांचे उत्तर एवढेच होते, की म्हणून कोणी तेलही वारावर मोजत बसत नाही.

सुधारणा एकदा झाली की टिकते, असेही नाही. याच न्यूयॉर्कने १९३७ पासून दहा वर्षे नगरपरिषदेसाठी पसंतीक्रमाचीच, पण एका भागातून अनेक प्रतिनिधी देणारी पद्धत वापरली होती. लहान पक्षांना तीत जागा मिळाल्या आणि त्यांत दोन कम्युनिस्टही निवडून आले. शीतयुद्धाच्या वातावरणात तेवढे निमित्त पुरले. १९४७ साली ती पद्धत रद्द झाली. १९४९ च्या निवडणुकीत पंचवीसपैकी चोवीस जागा पुन्हा एकाच पक्षाकडे गेल्या. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहराने मात्र १९४१ पासून तशीच पद्धत आजवर जपली आहे, आणि ओरेगनमधील पोर्टलंडने २०२४ साली चार विभागांतून प्रत्येकी तीन प्रतिनिधी त्याच रीतीने निवडले.

त्याच २०२४ च्या नोव्हेंबरात कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगन या राज्यांच्या मतदारांनी पसंतीक्रमाचे प्रस्ताव फेटाळले. मिसूरीने तर घटनेतच बंदी घातली. अलास्कात ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव हजाराहूनही कमी मतांनी पडला, म्हणून ती वाचली. हे वाचून नात निराश झाली. एंशी ओलांडलेल्या अण्णांनी तिला दशमान पद्धतीची गोष्ट सांगितली. भारतात शेर, मण आणि तोळा जाऊन किलो आणि ग्रॅम आले, तेव्हा चाटी गल्लीपासून भुसार पेठेपर्यंत सगळ्यांनी तक्रार केली होती. कायदा १९५६ सालचा. पण गिऱ्हाइकाच्या तोंडून शेर जायला पुढे कित्येक वर्षे लागली. नवे माप खरे आहे एवढ्याने ते चालत नाही. ते रोज वापरावे लागते आणि त्याच्यावर विश्वास बसावा लागतो.

त्या नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी न्यूयॉर्कची मतपत्रिका मात्र पूर्वीसारखीच होती: नावे छापलेली आणि खूण एकच. नातीने ती केली. कोणापुढे, हे अण्णांनी विचारले नाही. मग तिने कागद उलटला. मागच्या बाजूला राज्याचा एक आणि शहराचे पाच असे सहा प्रस्ताव मतासाठी छापलेले होते. पाच वर्षांपूर्वी पसंतीक्रमाचा प्रस्तावही असाच मतपत्रिकेवर छापून आला होता आणि शंभरातील त्र्याहत्तर मतांनी मंजूर झाला होता. तिच्या वडिलांनी त्या वर्षी आपल्या मनाजोगत्या नावापुढे खूण केली होती आणि प्रस्तावांची जागा कोरी सोडली होती. या वेळी मतदानाला जाण्यापूर्वी त्यांनी ते सहाही प्रस्ताव दुकानाच्या गल्ल्यामागे बसून एकेक करून वाचले, आणि दोन ठिकाणी अर्थ लागला नाही तेव्हा मुलीला फोन केला.